खांद्यापासून कोपरापर्यंत

दुपारच्या चहाच्या वेळी पडद्यावर अख्खं चित्र आलं आणि बाईंच्या बोटांतलं बिस्किट मोडून अर्धं कपात पडलं. चित्र कोळशाचं होतं. सोफ्यावर एक माणूस झोपलेला, एक पाय खाली जमिनीला टेकलेला, बुटाची नाडीसुद्धा न सोडता तसाच आडवा झालेला, आणि खांद्यापासून कोपरापर्यंत शर्टाच्या बाहीची एकच लांब रेघ, मधे कुठे न थांबलेली. बाईंनी ते बघताक्षणी ओळखलं, कारण ते होत असताना दोन आठवडे त्या काढणारीच्या मागे उभ्या होत्या. चित्र मौनीचं होतं, घरी झोपलेल्या बाबांना आठवून तिने वर्गात काढलेलं. मौनी हे काही त्या मुलीचं खरं नाव नव्हे. शाळेच्या शेवटच्या वर्षाची ही मुलगी दिवसभरात चार वाक्यं बोलली तर तारीख लिहून ठेवावी अशी, म्हणून वर्ग तिला मौनी म्हणायचा आणि मग बाईही म्हणू लागल्या. मुलांची चित्रं तपासायच्या आजच्या दिवसाचा नियम सकाळीच सांगून झाला होता, आणि तो साधा होता: आपल्या शाळेचं काम पडद्यावर आलं, तर अवाक्षर काढायचं नाही, खूण करायची नाही, गुपचूप आपला कप उचलायचा आणि खोलीबाहेर जाऊन उभं राहायचं. बाई उठल्या नाहीत. उठायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं असंही नाही. त्या कपात फुगत चाललेल्या बिस्किटाकडे बघत बसल्या, आणि सकाळी आपण काय बोललो ते एकेक शब्द त्यांना आठवू लागलं.

सकाळी त्या खुशीत आल्या होत्या. चित्रकला शिकवणाऱ्यांना वर्षातून एकदाच असा दिवस मिळतो. एरवी शाळेत चित्रकलेचा तास म्हणजे गणिताला कमी पडला की उचलून न्यायचा तास, आणि चित्रकलेच्या बाई म्हणजे स्नेहसंमेलनाचे फलक रंगवून देणाऱ्या बाई. इथे मात्र मोठ्या इमारतीतली खोली, लांब टेबलं, पाण्याच्या बाटल्या, प्रत्येकासमोर टोक केलेली पेन्सिल, आणि वरच्या वर्गांना चित्रकला शिकवणारे वीसएक जण. शिकवायला आलेले गृहस्थ कॉलरला इवलासा माइक लावून हिंडत होते, म्हणून बाईंनी मनातल्या मनात त्यांना माइकवाले करून टाकलं. त्यांनी सकाळचा विषय सांगितला, शिक्षकाचा हात. शेवटच्या वर्षाच्या मुलांचे कामाचे संच तपासताना, त्यात मुलाची रेघ कुठे संपते आणि शिक्षकाची कुठे सुरू होते ते कसं ओळखायचं. मास्तर लोक प्रेमाने का होईना, मुलाच्या कागदावर चार फटकारे मारतात आणि मुलाला वाटतं आपलंच जमलं. सगळे हसले. त्या हसण्यात आपापली पापं होती हे प्रत्येकाला माहीत होतं. बाई तेवढ्या निर्धास्त हसल्या. चोवीस वर्षं त्या मुलांच्या मागे उभ्या राहिल्या त्या हात पाठीशी बांधून. मुलाच्या कागदाला बोट लावायचं नाही, हे त्यांचं व्रतच म्हणा ना, आणि ते त्या प्रत्येक नव्या शिक्षकाला, न विचारता, ऐकवत असत. आजही शेजारी बसलेल्या नव्या मास्तरणीला, जिला नोकरी लागून जेमतेम सहा महिने झाले होते, त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत ते ऐकवून टाकलं होतं.

मग माइकवाल्यांनी पडद्यावर तुकडे दाखवायला सुरुवात केली होती. अख्खं चित्र नाही, नुसता तळहाताएवढा तुकडा मोठा करून, त्यात कुठे रंगाचा डाग, कुठे कान, कुठे खुर्चीचा पाय. ओळखीमुळे मत बदलू नये म्हणून, असं ते म्हणाले. आणि बाईंचं वय, बाईंची वर्षं, आणि पहिल्या दोन तुकड्यांवर त्यांनी अचूक बोट ठेवलं ते बघून पुढचा प्रत्येक तुकडा आला की खोली आपोआप त्यांच्याकडे बघू लागली. आता कुणाला नाही आवडणार? पाचवा तुकडा आला, करड्या कागदावर कोळशाची एकच रेघ, वरून सुटून खाली वळलेली. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि खाली घेतला. ही मुलाची रेघ नाही, त्या म्हणाल्या. सतरा-अठरा वर्षांचं पोर रेघ काढताना मधे कुठेतरी घाबरतं, दम घेतं, तिथे गाठ पडते. ही रेघ कुठे घाबरलेलीच नाही. इथे मास्तरांनी कोळसा हातात घेतलाय, मी लिहून देते. जुने परीक्षक, जे निवृत्त होऊनही अशा दिवसांना न चुकता येत, ते समोरून वा म्हणाले. वीस हात वर गेले. माइकवाल्यांनी वहीत काहीतरी टिपलं. बाई पाणी प्यायल्या, आणि ते पाणी त्यांना गोड लागलं होतं हेही आता, कपाकडे बघताना, त्यांना आठवलं.

सकाळचे तुकडे आणि दुपारचे संच एकाच गठ्ठ्यातले असतील हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुपारी खरं काम होतं. या वर्षी ज्या मुलांनी फेरतपासणीचे अर्ज केले होते त्यांचे संच आज याच लोकांनी बघून निकाली काढायचे होते. माइकवाल्यांनी सोयीचं म्हणून त्यातलेच तुकडे सकाळी कापून वापरले होते, आणि तसं ते आता हसत हसत सांगत होते, की बघा, तुमचं निम्मं काम सकाळीच झालंय. या चित्रातल्या बाहीच्या रेघेवर पहिल्या तपासणाऱ्यांनीही शंका घेतली होती, आणि सकाळी आपलं सगळ्यांचं एकमत पडलं. शिक्षकाचा हात ठरला तर हे पान संचातून काढायचं आणि उरलेल्यावर गुण द्यायचे. हिशेब सोपा होता. बाईंना तो आणखीच सोपा दिसला. कला महाविद्यालयात जागा मिळायला मौनीला तीन गुण कमी पडत होते. झोपलेल्या माणसाचं पान हे संचातलं सगळ्यात चांगलं पान. ते गेलं तर तीन मिळायचे राहिले बाजूला, आहेत त्यातलेच बारा-पंधरा जायचे. आणि फेरतपासणीचा अर्ज कर असं मौनीला सांगितलं कुणी? बाईंनीच. ती नको म्हणत होती, म्हणजे मान हलवत होती. घाबरतेस काय, मी आहे ना, असं म्हणून अर्जावर सही करायला पेन बाईंनी पुढे केलं होतं.

कुणाला मत बदलायचंय का, माइकवाल्यांनी विचारलं, आणि वीस माना वळल्या त्या बाईंकडेच. तेव्हा कुठे बाई उठल्या. कप उचलला, बशी टेबलावरच राहिली, खुर्चीचा पाय कर्रर्र वाजला. त्या दाराकडे निघाल्या. चित्र त्यांच्या शाळेचं आहे हे आता सगळ्यांना कळलं होतं, आणि सकाळी बाईंनी कुणावर बोट ठेवलं होतं तेही. पाठीमागे दार लागताना कुणीतरी खोकलं. बाईंचे कान तापले, भर वर्गात पकडलेल्या मुलीचे तापतात तसे.

बाहेर लांबच लांब मार्गिका होती, एका बाजूला खिडक्या, दुसऱ्या बाजूला बंद दारं. खिडकीखाली लोखंडी बाक होता. बाई त्यावर बसल्या आणि मांडीवर उजवा हात उताणा ठेवून त्याच्याकडे बघत राहिल्या. मी काढली का ती रेघ? छे, मी हातच लावत नाही. पण हा विचार पुरा होण्याच्या आत दुसरा आला, की बोटांना कोळसा धरल्याचं आठवतंय ते कशाचं? अंगठा आणि पहिल्या बोटामधे तो खरखरीत, हलका, जरा जोर दिला की चुरा होणारा तुकडा, आणि करड्या कागदावरून तो एका दमात खाली येताना मनगटात लागणारी ती बारीकशी कळ. ही कळ त्यांना अगदी स्वच्छ आठवत होती. पण कुठली? चोवीस वर्षांतल्या कुठल्याही दुपारची असेल. फळ्याशेजारच्या कागदावर त्या वर्गाला दाखवायला काढतातच की रेघा. की मौनी पाणी प्यायला गेली होती तेव्हा? एकदा ती गेली होती खरी. चित्र तसंच कागद टेकवायच्या लाकडी घोड्यावर होतं, बाही तेवढी रखडलेली, आणि वर्गात खिडकीतून उन्हाचा पट्टा आला होता. त्यानंतर मौनी परत आली. त्या दोन गोष्टींच्या मधे काय होतं? बाई तिथवर जायच्या आणि मधली जागा कोरी निघायची. आठवण नाही म्हणजे घडलं नाही, असं धरायचं का? आदल्या आठवड्यात गॅस बंद केला की नाही म्हणून त्या अर्ध्या रस्त्यातून परत गेल्या होत्या. गॅस बंद होता, पण केल्याचं मात्र काही केल्या आठवलं नव्हतं, आणि नवरा म्हणाला होता, अगं, तुझे हात तुला न विचारता कामं करतात.

आणि हा हात तरी मुळात कुणाचा? बाईंचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. शिडीवर बसून, तोंडात एक ब्रश आडवा धरून, हातात दुसरा. सुट्टीच्या दिवशी ते हिला, शाळकरी पोरीला, सोबत न्यायचे आणि खालच्या ओळीतली बारीक अक्षरं हिच्याकडून भरून घ्यायचे. अक्षराचं पोट बिघडलं की शिडीवरून उतरायचे, हिच्या मनगटावर आपली मूठ ठेवायचे आणि ब्रश वळवायचे. टर्पेंटाइनचा वास, त्यांच्या अंगठ्याचं कडक झालेलं कातडं, आणि मुठीतून हिच्या हातात उतरणारा तो जोर. कुठे जोर द्यायचा आणि कुठे सोडायचा हे त्यांनी कधी तोंडाने सांगितलं नाही. पुढे त्या स्वतः कला महाविद्यालयात गेल्या, तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी रेघ बघून विचारलं, कुणाकडे शिकलात, आणि बाई म्हणाल्या, कुणाकडे नाही, माझी मीच. हे उत्तर त्यांनी इतक्या सहज दिलं होतं की आज इतक्या वर्षांनी, एका परक्या इमारतीतल्या बाकावर, त्यांना त्याची पहिल्यांदाच लाज वाटली. मग आपण हात लावत नाही हे व्रत कशासाठी घेतलं होतं? मुलांसाठी, असं त्या सांगत आल्या. आता त्यांना नीट काहीच सांगता आलं नसतं.

दार उघडून माइकवाले बाहेर आले. माइक काढून खिशात टाकल्यामुळे त्यांचा आवाज एकदम घरगुती झाला होता. हातात एक छापील कागद होता. ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि म्हणाले, की सकाळचं मत हे सराव म्हणून होतं, ते धरून चालत नाही. शाळेच्या शिक्षकाचं निवेदन अखेरचं मानतात, तसा नियमच आहे. या पानावर विद्यार्थिनीखेरीज कुणाचा हात लागला आहे किंवा नाही, एवढ्यावर खूण करायची आणि सही. नाही म्हणालात तर पान राहील, आणि खरं सांगायचं तर पान राहिलं तर मुलीला तीन काय, पाच गुण मिळतील. आत सगळ्यांना आवडलंय ते. हो म्हणालात तर पान जाईल. तुमच्या शब्दावर आहे, बाई, दहा मिनिटं घ्या. त्यांनी कागद बाकावर ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर आपली पेन्सिल ठेवली आणि ते आत गेले. माणूस भला होता. तो भला नसता तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटून गेलं, कारण मग त्याच्यावर तरी चिडता आलं असतं.

नाही यावर खूण केली आणि ते खोटं निघालं तर? हो यावर केली आणि तेच खोटं निघालं तर? एका पोरीची जागा आपल्या विसरभोळेपणावर जाणार. बाईंनी पेन्सिल उचलली, ठेवली. कागदाच्या कोपऱ्यात ती बाहीची रेघ काढून बघावी, आपल्या हाताला येते का ते कळेल, म्हणून टोक टेकवलं आणि लगेच उचललं, कारण येणार हे त्यांना काढण्याआधीच माहीत होतं, आणि आल्याने काय सिद्ध होणार होतं? ज्याला हे खरोखर ठाऊक असेल असं दुनियेत एकच माणूस होतं. त्यांनी पर्समधून फोन काढला. विद्यार्थिनीला असं विचारणं नियमात बसतं का, हे त्यांच्या मनात आलं, पण तोवर पलीकडे घंटी वाजत होती.

मौनीने फोन उचलला आणि नेहमीप्रमाणे काहीच बोलली नाही. मागे नळाचा आवाज येत होता, भांडी घासत असावी. बाईंनी एका दमात विचारलं, तुझ्या बाबांच्या चित्रातली बाहीची रेघ, खांद्यापासून कोपरापर्यंतची, ती मी काढली होती का?

नळ बंद झाला. मग मौनीने हळूच विचारलं, "काय सांगू, बाई? तुम्ही म्हणाल तसं सांगते."

बाईंनी फोन कानाशी घट्ट धरला. "तसं नको गं," त्या म्हणाल्या. "जे झालं ते सांग."

मग मौनी बोलली, आणि चारापेक्षा कितीतरी जास्त वाक्यं बोलली, सावकाश, मधे मधे थांबत. रेघ तिनेच काढली होती. बाईंनी हात लावला नाही, त्या कधीच लावत नाहीत. त्या मागे उभ्या होत्या. तिने बाही काढली की मागून बाईंचा आवाज यायचा, अंहं. मग ती पुसायची. पुन्हा काढायची. पुन्हा अंहं. असं चौदा वेळा झालं. करडा कागद त्या जागी पुसून पुसून गुळगुळीत झाला होता, म्हणून शेवटची रेघ इतकी सुळकन आली. पंधराव्या वेळी मागून काही आवाज आला नाही, म्हणून तिने ती ठेवली. सगळ्यांचंच असं होतं, मौनी म्हणाली, वर्गात सगळे तसंच काढतात, अंहं थांबेपर्यंत.

आपण अंहं म्हणतो हे बाईंना माहीत नव्हतं. चोवीस वर्षांत त्यांनी तो आवाज एकदाही ऐकला नव्हता. त्यांना वाटलं मुलगी काहीतरीच सांगतेय, आणि त्याच वेळी घशात, जिभेच्या मागे, तो आवाज कुठून निघतो ती जागा त्यांना नेमकी कळली.

"मग तुझी पहिली रेघ कशी होती?" त्यांनी विचारलं.

"पहिलीत कोपर वाकडं आलं होतं," मौनी म्हणाली. "म्हणजे बाबांचं आहेच वाकडं. पडले होते ना ते शिडीवरून, तेव्हा हाड नीट बसलंच नाही. झोपले की तो हात असा बाहेरच राहतो. मला वाटलं तुम्हाला ते चुकलंय असं वाटतंय."

"मला सांगायचं नाही का?"

पलीकडे नळ पुन्हा सुरू झाला. बाईंनी आपण आत्ता काय विचारलं ते ऐकलं आणि त्यांना स्वतःचाच राग आला. त्या म्हणाल्या, की असू दे. मग म्हणाल्या, तशी रेघ पुन्हा काढ, तुला जशी दिसते तशी, मला बघायला आवडेल.

"काढून बघितली बाई, निकालानंतर," मौनी म्हणाली. "बाबा समोर झोपले होते. पण आता हात सरळच येतो. वाकडा काढायला गेले तरी तुमचाच येतो."

फोन ठेवल्यावर बाईंनी पर्समधलं पेन काढलं आणि कागद पुढे ओढला. हात लागला आहे किंवा नाही. नाही यावर त्यांनी खूण केली. खोटं काही नव्हतं त्यात, पोरीची जागा पक्की होत होती, आणि तरी सही करताना त्यांचं नाव त्यांच्याच हातून वेडंवाकडं आलं. आत जाऊन त्यांनी कागद माइकवाल्यांना दिला आणि सांगायला सुरुवात केली, की हात माझा नाही, पण. माइकवाल्यांनी कागद बघितला, तोंडभर हसले आणि म्हणाले, की पण कशाला, बाई, एवढंच हवं होतं. खोलीतला ताण सुटला. खुर्च्या सरकल्या, कुणीतरी सकाळी आपण सगळेच फसलो असं म्हणालं. जुने परीक्षक उठून त्यांच्यापर्यंत आले. म्हणजे ती न घाबरलेली रेघ पोरीचीच की, ते म्हणाले, अठराव्या वर्षी असा हात, बाई, शिकवावं तर तुमच्यासारखं. त्यांनी बाईंचा हात हातात घेऊन दाबला. बाई हात सोडवून आपल्या खुर्चीत येऊन बसल्या. आणि आपल्याला आनंद व्हायला हवा, मुलीचं चांगलं झालं, असं त्यांनी स्वतःला दोनदा सांगून बघितलं.

पुढचा संच लागला. पडद्यावर कुठल्याशा दुसऱ्या शाळेतल्या मुलाचं चित्र आलं, हिरव्या भिंतीपाशी एक सायकल, पुढचं चाक मागच्यापेक्षा बरंच मोठं. खोली सवयीने बाईंकडे बघू लागली. बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले, जीभ टाळूला लावून धरली, आणि शेजारच्या नव्या मास्तरणीला म्हणाल्या, की या वेळी आधी तू सांग, तुला काय दिसतं ते. नवी मास्तरीण गडबडली. तिने पेन्सिल हातात घेतली, घसा साफ केला, आणि मग पडद्याकडे न बघता ती बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली.